मायचा घसा बसला होता

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, पोरीला नाही, ज्या मित्रासोबत वीस वर्षांपासून रोज चहा पितो त्यालाही नाही. सांगण्यासारखं काही घडलंच नाही, असं स्वतःला समजावत आलो. आणि खरं तर बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसलंही नसतं. पाच दिवसांची सहल, समुद्र, नारळाची झाडं. फोटोत सगळे हसून राहिले आहेत. मायसुद्धा, थोडी.

मग आताच काऊन? मागच्या रविवारी करुणा, म्हणजे माझी बायको, दिवाणातली रद्दी काढत होती. त्यात प्रज्ञाची जुनी वही निघाली. प्रज्ञा आमची पोरगी, आता नागपूरला होस्टेलवर असते. सहलीच्या वेळी सहावीत होती. वहीच्या मधल्या पानावर स्केचपेननं लिहिलं होतं — समुद्रावर गेल्यावर करायच्या गोष्टी. खाली बारा ओळी. वाळूचा किल्ला. शिंपले, कमीत कमी पन्नास. घोडागाडी. खेकडा पकडणे, कंसात "बाबांनी". सूर्य बुडताना पाहणे. आजीचे पाय वाळूत पुरणे. पाणी चाखणे, पण थोडंच. बाटलीत भरून आणणे, कारण वर्गात कोणी विश्वास ठेवणार नाही. अशा अकरा ओळी आणि प्रत्येकीसमोर बरोबरची हिरवी खूण.

बारावी ओळ — आजी समुद्राला जय भीम करणार. त्याच्यासमोर खूण नाही.

करुणा वाचून हसली. म्हणाली, "अरे हो, तेव्हा आईंचा घसा बसला होता ना." मी म्हटलं, "हो." एवढंच. पण ते "हो" तोंडातून निघालं आणि तेव्हापासून जेवण जाऊन नाही राहिलं.

घसा बसला नव्हता.

थांबा, असं नाही जमायचं. आधी माय सांगावी लागेल.

आम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीकडचे. धानाचा मुलूख. माय रोवणीच्या, म्हणजे धान लावणाऱ्या, बायांची पुढारीण होती. पावसाळ्यात वीस-पंचवीस बाया घेऊन शेताच्या या बांधीतून त्या बांधीत, दिवसभर कमरेत वाकून. पण ती वाकायची फक्त चिखलात. तिच्या बापानं, माझ्या आज्यानं, दीक्षा घेतली होती, आमच्याकडे तेव्हा गावंच्या गावं घेत होती तशी. त्याच्या आधी आजा पाटलाच्या अंगणाबाहेरून, मान खाली घालून "जोहार मायबाप" करायचा. आमच्याकडचे गोंड लोक आजही छाती पुढे काढून जोहार म्हणतात, तो त्यांचा, मानाचा. आज्याचा तसा नव्हता. आज्यानं तो टाकला आणि पोरीला, म्हणजे मायला, पहिली गोष्ट शिकवली ती ही — सरळ उभी राह्य, समोरच्याच्या तोंडाकडे पाह्य, अना मंग जय भीम म्हण. मान खाली घालून म्हणशील तं नोको म्हणू.

माय कोणालाही जय भीम करायची. बसच्या कंडक्टरला. डॉक्टरला. गोंदियाच्या बाजारात कापडवाल्या सेठला, आणि तो पण "जय भीम अम्मा, आओ बैठो" म्हणून गादी झटकायचा. शेजारचा पोवार म्हातारा उत्तरात "राम राम" म्हणायचा, तर मायला त्याचं काही नव्हतं. "त्याचं त्याच्यापाशी, माह्यं माह्यापाशी," म्हणायची. फोन उचलला की हॅलो नाही, जय भीम. सकाळी मी उठून बाहेर आलो की पहिला शब्द — "जय भीम, बाबू." एकदा सगळे इटियाडोह पाहायला गेलो. धरणाच्या पाळीवर उभी राहून तिनं पाण्याला हात जोडून जय भीम केला. म्हणाली, जन्मभर याच्याच नहरानं रोवणा झाला, याले नाई म्हणावं तं कोणाले? प्रज्ञा पोट धरून हसली. बारावी ओळ तिथून आली.

तर अशी माय. आणि मी कोण? मी शेंडे. एका सरकारी कचेरीत कारकून, गोंदियात स्वतःचं घर, पोरगी इंग्रजी शाळेत. विहारात वर्गणी देणारा. जयंतीला माइकवरून असा काही जय भीम करतो की मंडपाचं कापड हलावं. हजार माणसांत सगळेच शूर असतात, नाही का?

सहल पुण्यातून होती. एका कंपनीची बस, वीस-बावीस माणसं, कोकणातला किनारा. आमच्याकडचं बसमध्ये कोणीच नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी करुणा बाजारात गेली होती. माय तिची पिशवी भरत होती, विहारात नेसते ती दोन पांढरी लुगडी, पानाची डबी. मी तिच्यासमोर जाऊन बसलो. पोरीची यादी होती तशी माझीही तयार होती. दोन दिवस मनात घोळवली होती.

म्हटलं — माय, पांढरी नोको घेऊ, ती हिरवी घे, छापाची घे. म्हटलं — गळ्यातलं लॉकेट पदराच्या आतून राहू दे, समुद्रावर चोऱ्या होतात. लॉकेटात कोणाचा फोटो होता ते सांगायला नको. आणि मग म्हटलं — तिकडे पाच दिवस जय भीम नोको करू कोणाले. नुसते हात जोडत जा.

तिनं विचारलं, "काऊन?"

मी काय सांगितलं असेल? खरं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हटलं असतं, माय, मले लाज वाटते, तर तिनं दोन शिव्या घातल्या असत्या आणि मोकळं झालं असतं. मी म्हटलं, "तिकडचे लोक वेगळे राहतात." ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग पिशवीतून पांढरी लुगडी काढली, घडी मोडू न देता फळीवर ठेवली आणि म्हणाली, "बरं. पाच दिवस ना?"

करुणाला यातलं काही माहीत नाही. माहीत झालं असतं तर ती सहलीला आलीच नसती, आणि मलाही जाऊ दिलं नसतं. ती दर रविवारी विहारात पोरांना वंदना शिकवते. म्हणून तर मी ती बाजारात जायची वाट पाहिली.

तुम्हाला वाटेल, याला पूर्वी कुठे तरी काही भोगावं लागलं असेल. कोणी घर नाकारलं असेल, कोणी पाण्याचा पेला वेगळा ठेवला असेल. असं होतं, नाही असं नाही. पण त्याच्यामागे मला लपायचं नाही. त्या बसमध्ये मला कोणी काही विचारलं नव्हतं. कोणी वाकडं बोललं नव्हतं. बस सुरू व्हायच्या आधीच मी भिऊन बसलो होतो.

पहिल्याच दिवशी पुण्याचं एक रिटायर्ड जोडपं आमच्या पुढच्या सीटवर आलं. काकांनी नाव विचारलं. शेंडे म्हटल्यावर काकू म्हणाल्या, "अय्या, आमच्या मावशीच्या सासरचे शेंडेच." त्यांनी आम्हाला त्यांच्याच जातीचे धरलं. मी हसलो. नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही, नुसता हसलो. ते हसणं मला आजही माझ्या तोंडावर जाणवते. त्यानंतर पाच दिवस मी त्या हसण्याला सांभाळत फिरलो. काका भले माणूस होते, हे पण सांगतो. त्यांनी मायला खिडकीची जागा दिली, उलटी होऊ नये म्हणून आवळा सुपारी दिली. खरं नाव-गाव सांगितलं असतं तरी कदाचित दिलीच असती. मी त्यांना ती संधीच दिली नाही.

माय हात जोडायची. बसमध्ये चढताना, उतरताना, जेवायला बसताना. शब्द नाही. आणि मी दुसऱ्या दिवशी पाहिलं — ती मान खाली घालून हात जोडत होती. कोणी शिकवलं नव्हतं. आवाज काढून घेतला तशी मान आपोआप खाली आली होती. काकू मला म्हणाल्या, "तुमच्या आई किती शांत आहेत हो. हल्ली अशी माणसं कुठे?" माझी माय, जिच्या एका आवाजावर चार बांध्यांपलीकडची बाई उभी राहायची, ती शांत.

समुद्र पाहिला आम्ही. खरं सांगू? मी पहिल्यांदाच पाहत होतो आणि मला तो नीट दिसलाच नाही. प्रज्ञा मायचा हात धरून पळत पाण्यापर्यंत घेऊन गेली. माय गुडघ्यापर्यंत पाण्यात उभी. लाट परत गेली की पायाखालची वाळू सरकायची आणि ती प्रज्ञाचा खांदा धरून हसायची. धानाच्या चिखलात पन्नास वर्षं घट्ट रोवलेले पाय ते, त्यांना ही जमीन पळून जाण्याची गंमत वाटत होती. तेवढा वेळ ती खरंच खूश होती. मग प्रज्ञा ओरडली, "आजी, आता म्हण ना, याला जय भीम म्हण ना!"

बसमधली अर्धी माणसं तिथेच होती. काका-काकू चार हातांवर. मायनं वळून माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून पँट दुमडत राहिलो, दुमडलेलीच पुन्हा दुमडली. माय पोरीला म्हणाली, "घसा बसला वो माये. आवाज नाई निंगत."

जन्मात खोटं न बोललेली बाई. माझ्यासाठी बोलली, तेही नातीशी.

आणि करुणानं ते खरं धरलं. काऊन नाही धरणार? त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ हॉटेलच्या स्वयंपाकघरातून गरम पाणी मागून आणायची, मीठ-हळद टाकायची आणि मायला गुळण्या करायला लावायची. माय बाथरूमच्या दारात उभी राहून गुळण्या करायची. मी खाटेवर बसून तो आवाज ऐकायचो. धडधाकट घशाच्या गुळण्या, तीन दिवस. एकदाही तिनं करुणाला म्हटलं नाही की पोरी, राहू दे.

तुम्ही म्हणाल, झालं, एवढंच ना? एवढंच असतं तर मी कदाचित विसरलो असतो. चौथ्या दिवसाचं सांगायचं आहे. इतका वेळ त्याच्याच भोवती फिरून राहिलो.

चौथ्या दिवशी दुपारी उतरत्या उन्हात किनाऱ्यावर एक बाई उकडलेल्या शेंगा विकत होती. मायच्याच वयाची, काळीसावळी, डोक्यावर पदर, समोर टोपलं. मायला शेंगा खायच्या होत्या म्हणून दोघं गेलो. मागून काका-काकूही आले. करुणा आणि प्रज्ञा लांब, किल्ला करण्यात. माय शेंगा घ्यायला वाकली, आणि तिकडे वारं काय विचारता, पदर उडाला. लॉकेट बाहेर लोंबकळलं. शेंगावालीनं ते पाहिलं. तिचं तोंड एकदम उजळलं, आपल्या माणसाला पाहून उजळतं तसं. शेंगांचा हात तसाच ठेवून ती म्हणाली, "जय भीम, आई. कुठनं आलाव?"

माय सरळ उभी राहिली. सवयीनं. तोंड उघडलं. आणि तिथे थांबून तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. नाही म्हणून. एवढीशी. काकांना दिसणार नाही एवढीशी.

मायनं लॉकेट आत घातलं. पदर घट्ट केला. तोंड समुद्राकडे फिरवलं. त्या बाईनं एकदा मायकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तिला सगळं समजलं. असं समजायला तिला काही वेळ लागला नाही, तिनं माझ्यासारखे पुष्कळ पाहिले असतील. तिनं शेंगा कागदात बांधल्या, माझ्या हातात दिल्या आणि टोपल्यावरचं फडकं नीट करू लागली. मागून काकूंनी विचारलं, "काय म्हणत होती हो ती?" मी म्हटलं, "काही नाही, कुठून आले विचारत होती." आणि शेंगा सोलायला लागलो. खाल्ल्या मी त्या. माझ्या मायनं तिच्या उभ्या आयुष्यात आलेला जय भीम परत केला नाही, असं पहिल्यांदाच झालं, आणि ते मी केलं. आज्याला पाटलासमोर जे टाकता आलं, ते त्याच्या नातवानं शेंगांच्या टोपल्यासमोर परत आणून ठेवलं.

मायनं शेंगा खाल्ल्या नाहीत. दात दुखतात म्हणाली.

परतीच्या गाडीत ती वरकरणी बरी होती. प्रज्ञाची खारट पाण्याची बाटली मांडीवर धरून बसली होती. मी मनात हिशोब धरला होता की गोंदिया आलं की सगळं आधीसारखं होईल. झालंही. स्टेशनबाहेर ऑटोवाल्याला तिनं असा खणखणीत जय भीम घातला की प्रज्ञा म्हणाली, "आजीचा घसा बरा झाला!" शेजारणीला केला, दूधवाल्याला केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बाहेर आलो. माय ओसरीवर तांदूळ निवडत होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "उठला का?"

मला वाटलं, विसरली. तिसऱ्या दिवशीही — "उठला का?" आमच्याकडे ती येऊन-जाऊन राहायची. महिन्यानं ती गावी परत गेली. मी फोन केला तर तिकडून आवाज आला, "हॅलो." माझी माय हॅलो म्हणाली. करुणानं फोन घेतला की जय भीम, प्रज्ञानं घेतला की जय भीम, माझा नंबर दिसला की हॅलो. करुणा चिडवायची, "आई तुमच्याशी लई मॉडर्न झाल्या." मी हसायचो. हसणं मला जमतंच.

राग होता का? वाटत तर नव्हता. माझ्या आवडीचा मोहफुलांचा लाडू डब्यात घालून पाठवायची, तब्येत विचारायची, माझ्या डोक्यावरून हात फिरवायची. मला वाटतं तिला एवढंच समजलं होतं की या पोराला त्याची अडचण होते. अडचण नको म्हणून तिनं माझ्यापुरतं ते बंद केलं. मी पाच दिवस म्हटलं होतं. तिनं नऊ वर्षं पाळलं. मी कधी विचारलं नाही. विचारायला काय लागत होतं? रोज ठरवायचो की आज आपणच आधी म्हणू. म्हटलंही दोन-चारदा, घरात. ती मान हलवायची आणि दुसरं काही बोलायची. मी फार जोर लावला नाही.

मागच्या उन्हाळ्यात तिला गोंदियाच्या दवाखान्यात भरती केलं. मोठा वॉर्ड, वीसेक खाटा. आवाज खोल गेला होता, पण नर्स आली की जय भीम, झाडूवाली आली की जय भीम. सलाईन लावणाऱ्यालाही. सगळ्या वॉर्डात ती जय भीमवाली अम्मा म्हणून ओळखीची झाली होती.

एक दिवस दुपारी मी एकटाच होतो. तिनं डोळे उघडले. मला ओळखलं. सुई टोचलेला हात तिनं उचलला, छातीपर्यंत आणला आणि दुसरा हात शोधू लागली. मला समजलं ती काय करून राहिली ते. नऊ वर्षांनी. मग ती मध्येच थांबली. आणि हळू आवाजात, मला त्रास नको अशा आवाजात, तिनं विचारलं,

"इथं म्हटलं तं चालते का, बाबू?"

उत्तर दोन शब्दांचं होतं. तेच दोन शब्द. मला फक्त ते म्हणायचे होते, मोठ्यानं, तिच्या तोंडाकडे पाहून.

मी आधी आजूबाजूला पाहिलं.

माझ्या ऑफिसचं कोणी आहे का, ओळखीचं कोणी आहे का. तेवढाच वेळ, एक श्वास जाईल एवढा. परत वळलो तोवर तिचा हात चादरीवर गेला होता.

"राहू दे," ती म्हणाली, आणि डोळे मिटले.

मी म्हटलं मग. दोनदा म्हटलं. तिनं ऐकलं की नाही, माहीत नाही. दोन दिवसांनी ती गेली. त्या दोन दिवसांत नर्सला म्हणाली, झाडूवालीला म्हणाली, नागपूरहून धावत आलेल्या प्रज्ञाला म्हणाली. मला पाणी मागितलं, मी पाजलं.

आणि त्या दुपारी आजूबाजूच्या खाटांवर कोण होतं ते मला अजून आठवते. एक म्हातारा भिंतीकडे तोंड करून झोपला होता. एक बाई लेकराला पंख्यानं वारा घालत होती. दोघं जण डबा उघडून जेवत होते. आमच्याकडे कोणीही पाहत नव्हतं.